माझ्या नावावरचे ठोके

सकाळी सव्वासातला सुरतेत अडाजणच्या नाक्यावर कंपनीच्या बसची वाट बघत उभा होतो, तेव्हा खिशातला मोबाइल थरथरला. ‘चंद्रकांत, गेल्या काही आठवड्यांत तुमची पावलं फार कमी झाली आहेत. सगळं ठीक आहे ना?’ मजकूर इंग्रजी होता, पण मी तो मराठीतच वाचला, कारण उज्ज्वला गेल्यापासूनच्या अठ्ठावन्न दिवसांत हा प्रश्न मला एवढ्या लोकांनी विचारला होता की आता तो कुठल्याही भाषेत आला तरी ओळखू येई. शेजारचे, नात्यातले, खालचा भाजीवाला, सगळ्यांना मी ‘चाललंय’ म्हणून सांगितलं होतं. पावलं कमी झालीत हे मात्र एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. ते मनगटावरच्या या काळ्या रबरी पट्ट्याला कळलं, आणि त्यालाही अर्धवटच कळलं. चंद्रकांत भामरे नावाचा एक इसम रोज दहा-बारा हजार पावलं चालायचा आणि तो अचानक दोन हजारांवर आला, एवढंच त्याला माहीत. तो इसम आयुष्यात कधी दोन हजारांच्या वर चालला नव्हता, हे त्याला कोण सांगणार? मे महिन्याचं ऊन त्या वेळीच मानेला लागत होतं. बस आली, मी चढलो आणि नेहमीच्या जागेवर बसलो.

हा पट्टा अजून बाजारात आलेला नाही. जानेवारीत एका नव्या कंपनीने हजीऱ्याच्या आमच्या प्लांटमध्ये चारेकशे पट्टे आणून वाटले. नव्वद दिवस वापरा, रोज दहा हजार पावलं चाला, काय वाटलं ते कळवा. मग आवडला तर अर्ध्या किमतीत ठेवून घ्या, नाही तर परत करा. परत केला की आतलं सगळं पुसलं जाईल. शिवाय वयाप्रमाणे गट, प्रत्येक गटात पहिला नंबर आणि त्याचा सत्कार. मी डिस्पॅचमध्ये. माझी खुर्ची आणि मी यांचं लग्न उज्ज्वलाच्या आणि माझ्या लग्नाहून जास्त टिकणार, असा विनोद मी स्वतःच खात्यात रूढ केला होता. भामरेसाहेब म्हणजे विनोद, हे ठरलेलंच. श्राद्धाच्या जेवणालासुद्धा लोक माझ्या शेजारची जागा धरतात. तर पहिल्या आठवड्यात पट्ट्याने रोज संध्याकाळी माझी लाज काढली. शनिवारी मी तो काढून ओट्यावर ठेवला आणि उज्ज्वलाला म्हटलं, “तू घाल गं हा. तुझी पावलं फुकटच जाताहेत.” पट्टा तिच्या हातात थरथरला तशी ती दचकून म्हणाली, “हाई काय से?” शिरपूरची ती. सुरतेत तीस वर्षं काढली, गुजरातणींशी गुजरातीत भांडायला शिकली, पण दचकली की अहिराणीच बोलायची. मी हसलो. तीही हसली. आणि त्या दिवसापासून ती माझ्या नावाने चालायला लागली.

हे सगळं किती सहज झालं, ते आठवलं की अंगावर काटा येतो. आमच्या घरात एक वस्तू आली की ती सगळ्यांची. एक छत्री, एक चष्म्याचं घर, एक मोबाइल चार्जर. माझ्या बाबांची शाल मी वापरतो, माझा जुना स्वेटर ती स्वयंपाकघरात घालायची. पट्टाही तसाच. सोमवारी कुणी बघेल म्हणून मी घालून जायचो, बाकीचे दिवस तो तिच्या डाव्या हातात. मी संध्याकाळी घरी आलो की माझा मोबाइल त्याच्याजवळ जायचा आणि दिवसभरातली तिची पावलं गपकन माझ्या खात्यात येऊन पडायची. अडचण एकच होती, बांगड्या. पट्टा कातडीला घट्ट बसायला हवा, आणि बांगड्या काढून हात मोकळा ठेवायला ती तयार नव्हती. “मोकळ्या हाताने घरात वावरू? भलतंच काही,” म्हणाली. मग पट्टा दोन हिरव्या बांगड्यांच्या मध्ये बसला आणि भांडी घासताना, कणीक मळताना त्यांच्यावर खटखट वाजू लागला. मी म्हणायचो, तुझा हात म्हणजे भजनी मंडळ झालाय. ती म्हणायची, नंबर हवाय ना, मग गप बसा.

बस हजीऱ्याच्या रस्त्याला लागली. डाव्या हाताला गॅसच्या टाक्या, उजव्या हाताला बाभळी. मी पट्ट्याकडे पाहिलं. बहात्तर. माझं हृदय बहात्तरचंच आहे, सकाळी, दुपारी, ती गेली त्या दिवशीसुद्धा. सगळे रिपोर्ट नॉर्मल असलेला माणूस मी. ते रिपोर्ट घरात फ्रिजवरच्या फाइलमध्ये आहेत. फेब्रुवारीच्या मध्यात एका संध्याकाळी मी बूट काढत होतो आणि मोबाइलवर लाल चौकट आली: ‘चंद्रकांत, तुमच्या हृदयाचे ठोके गेल्या काही दिवसांत अनियमित आढळले आहेत. कृपया डॉक्टरांना भेटा.’ मी एक बूट काढलेला आणि एक तसाच, सोफ्यावर बसून राहिलो. माझे वडील अठ्ठावन्नाव्या वर्षी पांडेसऱ्याच्या मिलमध्ये काम करता करता छातीवर हात ठेवून खाली बसले ते उठले नाहीत. मला सत्तावन्न पूर्ण झालेली. चौकटीत माझं नाव होतं. ते वाचलं आणि मला घाम फुटला, छातीत दुखायला लागलं, डावा हात जड झाला. पुस्तकात लिहिलेली सगळी लक्षणं मी पाच मिनिटांत करून दाखवली. पट्टा तेव्हा कुठे होता? तो माझ्यासमोर होता. पाण्याचा ग्लास घेऊन धावत आलेल्या हातात होता. मी तो ग्लास घेतला, पाणी प्यालो आणि तिला म्हटलं, “माझं काही खरं नाही.”

दुसऱ्या दिवशी ईसीजी. मग ट्रेडमिलवर पळवलं, मग हृदयाची सोनोग्राफी. प्रत्येक खोलीबाहेर ती पर्स पोटाशी धरून उभी. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, घोड्यासारखे आहात. मी तिथल्या तिथे त्यांना एक विनोद सांगितला. येताना आम्ही नदीकाठी पोंकाच्या ठेल्यांपाशी थांबलो. हुरड्याचा मोसम संपत आला होता, तरी गरम पोंकवडे मिळाले, वर लिंबू-मिरीची शेव. मी जिवावरच्या दुखण्यातून उठल्यासारखा खात होतो. तिने अर्धा वडा माझ्या बशीत टाकला आणि सहज म्हणाली, “अहो, पण ते तर सगळा दिवस माझ्याच हातात असतं की.” एवढंच. कसलाही जोर न देता, जणू भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं. आणि मी म्हणालो, तोंडात घास असताना म्हणालो, “तुला काय होणार? बारा हजार पावलं चालतेस तू! बांगड्यांची खटखट ऐकून घाबरलं असेल बिचारं.” ठेलेवाला मराठी होता, तोसुद्धा हसला. तीही हसली. मी विनोद केला की ती हसायचीच. चांगला असो, वाईट असो, तीस वर्षांत तिने माझा एकही विनोद पडू दिला नाही. त्या दिवशी तरी पडू द्यायला हवा होता.

एकोणीस मार्चला सकाळी साडेदहाला शेजाऱ्यांचा फोन आला. दारात पडली होती, भाजीची पिशवी हातात, तोंड एका बाजूला गेलेलं. मी हॉस्पिटलात पोचलो तोपर्यंत तिला आत घेतलं होतं. तपासणीच्या यंत्रात जाण्याआधी नर्सने तिच्या बांगड्या साबण लावून उतरवल्या, पट्टा सोडवला आणि सगळं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हातात दिलं. डॉक्टर तरुण होता. हृदयाचे ठोके असे बिघडले की आत रक्ताची गुठळी होते आणि ती मेंदूत जाते, असं त्याने हातवारे करून समजावलं. मग विचारलं, “धबकारा अनियमित छे, एवुं पहेलां कोईए कह्युं हतुं?” ठोके अनियमित आहेत असं आधी कुणी सांगितलं होतं का, असं तो विचारत होता. मी म्हणालो, “ना.” खोटं नव्हतं ते. तिच्याबद्दल कुणीच तसं सांगितलं नव्हतं. मी बाहेर बाकावर येऊन बसलो, पिशवी मांडीवर, आणि मग पिशवीतल्या त्या काळ्या पट्ट्याकडे बघता बघता सगळं एकदम माझ्या अंगावर आलं. मोबाइल काढला. ती लाल चौकट उघडली. आत आणखी आत गेलं की तारीख-वेळ दिसत होती. तीन महिन्यांत मी तिथवर कधी गेलोच नव्हतो. मंगळवार, अकरा वीस. गुरुवार, चार चाळीस. पुन्हा गुरुवार, बारा पाच. सगळे मी ऑफिसमध्ये मोकळ्या हाताने बसलो होतो ते दिवस. आलेखाची रेघ, शिवणयंत्राचा दोरा अडकला की टीप येते तशी, मध्येच गच्च, मध्येच रिकामी. वर ठळक अक्षरांत माझं नाव. दोन दिवसांनी ती गेली. बायकांनी तिच्या हातांत नव्या हिरव्या बांगड्या भरल्या, मळवट भरला, आणि अहेव गेली, भाग्याची, असं एकमेकींना सांगत राहिल्या. मला वाटलं, ओरडून सांगावं. सांगितलं नाही.

तेव्हापासून पट्टा मी घालतो. रात्रंदिवस घालतो, पण स्वतःच्या नोंदी उघडत नाही. दुपारी डबा खाल्ला की मोबाइल उघडून जानेवारी, फेब्रुवारी, मार्च वाचत बसतो. इतकी वर्षं मी सातला घराबाहेर पडल्यावर मागे काय चालतं, हे मला ठाऊक नव्हतं. आता मिनिटामिनिटाने ठाऊक झालं आहे. मी गेल्यावर ती वीस मिनिटं बसायची. कदाचित चहा. अकराला खाली उतरायची, वर येताना ठोके एकशे अठरा. लिफ्ट असताना जिना कशाला, तर पावलांसाठी. उत्तरायणाला गच्चीवर सगळी सोसायटी पतंग उडवत होती, त्या दिवशी तिचं हृदय तासभर लहान मुलीसारखं पळत होतं. मी खाली उंधियू खाऊन झोपलो होतो. आणि रोज संध्याकाळी पाच चाळीस ते सहा वीस, मी यायच्या आधी, ठोके चढलेले. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मी वेडा म्हातारा काय समजलो, तर मी येणार म्हणून. सत्तावन्न उलटल्यावर लाजलो. मग त्याच वेळेची पावलं बघितली. रोज चाळीस मिनिटांत तीन-साडेतीन हजार. स्वयंपाकघर ते गॅलरी, गॅलरी ते स्वयंपाकघर. मी दार वाजवायच्या आत माझे दहा हजार पुरे करायला ती आमच्या बाराशे फुटांच्या घरात येरझारा घालत होती. ते बिघडलेलं हृदय घेऊन.

नव्वद दिवस मार्चअखेरच संपले होते, आता येत्या शुक्रवारपर्यंत ठरवायचं होतं, ठेवायचा की परत द्यायचा. बाकीच्यांना सोपं होतं. कुणाला पुरळ आलं म्हणून परत, कुणाला बायकोने घे म्हटलं म्हणून विकत. वैशालीने, म्हणजे पट्टेवाल्यांकडून आलेल्या मुलीने, सगळ्यांना फॉर्म दिला होता. त्यात एक ओळ होती: ‘या खात्यातील सर्व नोंदी माझ्या स्वतःच्या शरीराच्या आहेत.’ खाली सही. पैसे मामुली होते, त्यांचा प्रश्नच नव्हता. सही केली नाही तर तिची ती तीन महिन्यांची वीस-वीस मिनिटं, ते जिने, ती गच्ची, सगळं पुसलं जाणार. केली तर तिचं हृदय पुन्हा एकदा माझ्या नावावर करून घ्यायचं. एकदा घेतलं तेव्हा काय झालं ते बघितलंच होतं. मी ठरवलं, परत द्यायचा. शिक्षा म्हणून. ठेवण्याचा हक्क आपल्याला नाही. आणि परत देण्याआधी अमृताला सांगायचं. आमची मुलगी, पुण्याला नोकरी करते. आईच्या दहाव्यापासून ती मला फोनवर एकच वाक्य सांगत होती: “बाबा, तिला काही त्रासच नव्हता. आपल्याला कसं कळणार?” दर वेळी मी “हो ना” म्हणत होतो.

गुरुवारी संध्याकाळी घरी येऊन, बूटही न काढता, गॅलरीत उभा राहून मी तिला फोन लावला. कसं सांगायचं ते बसमध्ये घोकलं होतं, पण तोंडातून भलतंच निघालं. “अमू, तुझ्या आईला मी मारलं,” म्हणालो. ती “बाबा, काय बोलताय!” म्हणाली. मग मी सगळं सांगितलं. पट्टा, सोमवार, बांगड्या, लाल चौकट, माझ्या तपासण्या, पोंकवडा, ठेल्यावरचा विनोद. विनोद जसाच्या तसा सांगितला. सांगताना मध्ये थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर पुन्हा बोलता आलं नसतं. माझं झालं. मला वाटलं फोन कटला. “अमू?”

“आई मला म्हणाली होती, बाबा.”

मी गॅलरीचा गज धरला. “काय म्हणाली होती?”

“तुमचे रिपोर्ट आले त्याच आठवड्यात. म्हणाली, ते यंत्र खरं बोलतंय गं, माणूस तेवढा चुकलाय. मधूनच छातीत फडफड होते, म्हणाली.” नाक ओढल्याचा आवाज आला. “मी म्हटलं, मग दाखव ना डॉक्टरला. तर म्हणाली, एकतीस मार्च होऊ दे. आत्ता दाखवलं तर चालणं बंद करायला सांगतील, आणि ह्यांचा नंबर जाईल. जन्मात कशात तरी पहिले येताहेत, येऊ देत. एप्रिलमध्ये दाखवते. आणि बाबांना सांगू नकोस, घाबरट आहेत.”

खाली मुलं क्रिकेट खेळत होती. कुणीतरी आउट नाही म्हणून भांडत होतं.

“आणि मी काय केलं माहितीय?” अमृता म्हणाली. “मी हसले, बाबा. तुम्ही दोघं म्हणजे कमाल आहात, म्हटलं. फोन ठेवला आणि मीटिंगला गेले. मग विसरले. चक्क विसरले मी.” आता ती रडत होती, आणि इतके दिवस ती मला ते वाक्य का सांगत होती, ते मला कळलं. ती माझी समजूत काढत नव्हती. मी ‘हो ना’ म्हणावं म्हणून ती ते सांगत होती. “तुम्हाला कधीच सांगणार नव्हते मी,” ती म्हणाली. मी म्हणालो, “मीही तुला सांगणार नव्हतो.” मग बराच वेळ आम्ही दोघं फोन धरून रडलो. तीस-पस्तीस वर्षांत मी रडलो नव्हतो. आई गेली तेव्हाही स्मशानात लोकांना गोष्टी सांगत होतो. आपल्याला रडताना आवाज कसा फुटतो हेसुद्धा मला माहीत नव्हतं. शेवटी मी तिला म्हटलं, पट्टा उद्या परत देतो, ती सही माझ्याने होणार नाही. ती एकदम म्हणाली, “नाही. देऊ नका. मला हवंय ते. आईचं तेवढंच तर आहे.” “अगं, पण त्यात माझं नाव...” “असू दे. आपल्याला माहीत आहे ना कुणाचं आहे ते? करून टाका सही, बाबा.”

शुक्रवारी कॅन्टीनच्या हॉलमध्ये टेबल मांडलं होतं. वैशाली सुरतेत वाढलेली मराठी मुलगी. मराठीत सुरू होते आणि गुजरातीत पोचते. नवीच, माझ्या घरचं तिला काही माहीत नसावं. तिने फॉर्म माझ्यापुढे सरकवला, त्या ओळीखाली बोट ठेवलं आणि म्हणाली, “सर, इथे सही करा ने.” ‘माझ्या स्वतःच्या शरीराच्या.’ मी ती ओळ दोनदा वाचली. काल रात्रभर वाटलं होतं की इथे काही होईल. काही झालं नाही. बिलांवर करतो तशी झोकदार सही झाली. मनगटावर बहात्तर. वैशालीने स्क्रीनवर काहीतरी दाबलं आणि हसून म्हणाली, “झालं, सर. आता कायमचं तुमचं.” मी मान हलवली. मग तिने माझा दंड धरून मला पुढे नेलं, कारण पन्नाशीवरच्या गटात पहिला नंबर माझा होता. शेवटच्या बारा दिवसांत पावलं जवळपास शून्य, तरी पहिला. दुसरा कित्येक हजारांनी मागे. गळ्यात हार घातला. हातात चषक दिला. खात्यातले सगळे पुढच्या रांगेत बसले होते. दोन महिन्यांत त्यांनी माझ्याशी खालच्या आवाजात बोलायची सवय लावून घेतली होती, आणि आज त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होतं, बोला आता साहेब, एकदा पूर्वीसारखं बोला. वैशालीने माइक माझ्या तोंडापुढे धरला. “सर, आटलुं बधुं चाल्या क्यां?” एवढं सगळं चाललात कुठे, ती विचारत होती.

मी त्या सगळ्यांकडे पाहिलं. खरं सांगायचं तर एकच उत्तर होतं.

“घरातल्या घरात,” मी म्हणालो.

सगळा हॉल हसला. टाळ्या पिटत हसला. भामरेसाहेब सावरले, असं कुणीतरी मोठ्याने म्हणालं. फोटो नेमका तेव्हाच निघाला. त्यात सगळे हसताहेत, आणि मीही हसतो आहे.